लसूण सोला, खाऊ घ्या

हमीदाआपांकडे पैसे मागायला गेलात तर त्या आधी तुमच्या हातात लसणाचा गड्डा देतात.

“सोल,” म्हणतात. “सोलता सोलता बोल. हाताला काम असलं की तोंड खोटं बोलत नाही.”

तुम्ही म्हणजे तुम्ही नव्हे. मोठ्या माणसांना आपा एक रियालही देत नाहीत. मागणारा अठराच्या आतला पाहिजे. आणि मागणंही एकाच गोष्टीसाठी पाहिजे. रंगावरून, मुलखावरून माणसाला कमी समजायची जी आपली खोड आहे, तिच्यावर त्या मुलाने काहीतरी करायचं ठरवलेलं असलं पाहिजे. मग पन्नास रियाल. फारच आवडलं तर शंभर.

आम्ही सौदीत, जिझानला राहतो. समुद्र जवळ आणि घाम बारा महिने. मी तिसऱ्या मजल्यावर, आपा चौथ्या. त्यांचे इस्माईलभाई आणि माझा नवरा एकाच कंपनीत, दोघंही दापोलीकडचे. आपा साठीला आल्या आहेत. घरी आलं-लसणाचं वाटण करून विकतात. कोकणातले फिटर, वेल्डर इथे कॅम्पवर एकटे राहतात, ते शुक्रवारी येऊन बरण्या घेऊन जातात. या वाटणातून पैसे निघतात. त्यांना आपा मदत म्हणत नाहीत, चंदा तर मुळीच नाही.

“चंदा म्हटलं की पावती आली. पावती आली की सेक्रेटरी आला. सेक्रेटरी आला की भांडण आलं. हा खाऊ आहे. पोरांना खाऊ द्यायला कफीलला, इथल्या मालकाला, विचारावं लागत नाही.”

या पद्धतीत लसूण कोणाचा सोलून होतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल. इस्माईलभाईंच्याही आलं होतं. ते एकदा म्हणाले, “न्यायाचं काय ते होईल, वाटण मात्र वेळेवर होतं.”

“मोठ्यांचं खलास!” आपा म्हणाल्या.

हे त्यांचं नेहमीचं. कोणी मोठं माणूस मधे बोललं की “मोठ्यांचं खलास!” म्हणजे तुमची पाळी होऊन गेली, तुम्ही काय दिवे लावले ते दिसतंय, आता गप्प बसा. मला हा नियम सोपा जातो. मी तशीही गप्पच असते. मी ओट्यापाशी बसून आलं खरवडते आणि ऐकते.

पण आपांना हे वेड लागलं कशाने, ते आधी सांगायला हवं. ते फारसं कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण सुटकेस भरायला मी होते.

आपांचा एकुलता एक रफिक खमीस मुशैतला हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. बापावर गेलेला, गोरटेला. त्याने तिथल्याच एका नर्सशी लग्न ठरवलं. अमल तिचं नाव, सुदानची. उंच, हसरी, काळीभोर. आपांनी फार खळखळ केली नाही. आमच्यात नवरीला सासरकडून सुटकेस जाते. कपडे, अत्तर, चपला, पावडर, सगळं. ती आपांनी आणि मी मिळून भरली. कशातही कंजूषपणा नाही. आणि सगळ्यात वर, कपड्यांच्या घडीवर, गोरं होण्याच्या क्रीमच्या पाच ट्यूबा. महागातल्या. आमच्याकडे सावळ्या नवरीला देतातच. माझ्या लग्नात मला दोन आल्या होत्या आणि मी खूश झाले होते. त्या पाच मीच एका ओळीत नीट लावल्या.

निकाहनंतर चार दिवसांनी रफिक एकटा आला. ट्यूबा ओट्यावर ठेवल्या.

“अम्मी, ती म्हणते हे चुकून आलं असेल.”

“चुकून कशाला?” आपा म्हणाल्या. “चांगली महागातली आहे.”

रफिक गेला तो गेला. ईदला दोन मिनिटं फोन येतो. नात झाली, सारा, तिचे फोटो आले. खमीस इथून गाडीने चार तास. पाच वर्षांत आपा गेल्या नाहीत. आपा म्हणतात, बोलावलं नाही. इस्माईलभाई म्हणतात, माफी मागितली नाही. पण ते हळू म्हणतात.

या गोष्टीनंतर वर्षभराने माझी सानिया शाळेतून रडत आली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नाटकात राजकन्या कोण होणार ते रंग बघून ठरलं होतं, आणि तिच्या सावळ्या मैत्रिणीला चेटकीण केलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे. आपा तिथेच होत्या. त्यांनी मसाल्याच्या डब्याखालून पन्नासची नोट काढली.

“घे. यावर काहीतरी कर. काय करायचं ते तू ठरव. मला विचारू नको. अम्मीला तर मुळीच विचारू नको.”

पोरांनी गच्चीवर स्वतःचं नाटक केलं. राजकन्या चिठ्ठी टाकून निवडायची असं ठरलं. चिठ्ठी निघाली दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाची. त्याला मिसरूड फुटलं होतं. पण ठरलं म्हणजे ठरलं. झगमगत्या कागदाचा झगा घालून तो सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि राजपुत्राला त्याला मागूनच मागणी घालावी लागली. आपा हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, “बघितलंस? आपण मोठी माणसं शाळेला पत्र लिहून मोकळी झालो असतो.”

तेव्हापासून पोरं यायला लागली. मराठी, मल्याळी, हैदराबादी, पाकिस्तानी. ज्याला मराठी येतं त्याने मराठीत बोलायचं, हाही एक नियम. माझी सानिया माझ्याशी हिंदीत बोलते, रागावली की इंग्रजीत. तिचं मराठी मला आपांच्या स्वयंपाकघरातच ऐकायला मिळतं.

सगळ्यांनाच खाऊ मिळतो असं नाही. दोन भाऊ ‘सगळे रंग समान’ असं पोस्टर लावायचं म्हणून आले. आपांनी त्यांच्याकडून अर्धा किलो लसूण सोलून घेतला आणि मग म्हणाल्या, “नको. पोस्टर कोण वाचतं? आमच्या दारावर ‘चपला बाहेर’ लिहिलंय. तुमचे काका पंधरा वर्षं बूट घालून आत येतात.” पोरं हिरमुसली तशी त्यांना सांदणं खायला घातली. आमचं तांदळाचं, वाफवलेलं, नारळाच्या दुधातलं. दोघांनी सहा-सहा खाल्ली. पोस्टरपेक्षा महाग पडलं असेल.

एकदा सानियाने रंग आणले. वर्गात गुलाबीसर खडूला सगळे ‘स्किन कलर’ म्हणतात, तर ती आपांना म्हणाली, “खाला, पण माझी स्किन तशी नाही आहे. कोणाचीच नाही आहे.” मग प्रत्येकाने आपल्या हातावर धरून आपला रंग कालवायचा आणि त्याला आपलंच नाव द्यायचं. गच्चीवर वीस वाट्या मांडल्या. आपांनीही आपला रंग कालवला. सानियाने बघितला आणि त्यात आणखी तपकिरी ओतला.

“एवढी नाही हं मी!” आपा ओरडल्या.

“आहात, खाला. हात ठेवा.”

आपांनी हात ठेवला. होत्या. वाटी उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, “बरा दिसतो की,” आणि उरलेला रंग बरणीत भरून घरी नेला. तो अजून त्यांच्या फ्रीजमध्ये वाटणाशेजारी आहे. एका वेल्डरने तो चिंचेची चटणी म्हणून मागितला होता.

मग नावांचं झालं. आमची इमारत झाडणाऱ्या माणसाला सगळे ‘ए बंगाली’ म्हणतात. एका मुलीने पन्नास रियाल घेतले, त्यातून त्याच्यासाठी आणि तिच्या स्वतःसाठी दोन ज्यूस आणले आणि बसून त्याला नाव विचारलं. तो नेपाळचा निघाला. दिलबहादूर. तिने दारोदार जाऊन सांगितलं. आपांनी त्याला नऊ वर्षं बंगाली म्हटलं होतं. त्या दिवशी त्यांनी दहा वेळा नाव घोकलं आणि बाल्कनीतून मोठ्याने हाक मारली, “दिलबहादूरभाऊ!”

तो खालून म्हणाला, “माँजी, इतना लंबा नहीं. सिर्फ दिल बोलो.”

साठीची बाई चौथ्या मजल्यावरून ‘दिल, दिल’ ओरडणार कशी? आता आपा चार मजले उतरून खाली जातात आणि कचरा स्वतः देतात.

असं चाललं होतं. मग मागच्या थंडीत सानिया खाऊ मागायला आली. आता तेरा वर्षांची आहे. लसूण घेऊन बसली.

“खाला, आमच्या क्लासमध्ये पुष्कळ मुलींना घरचे लोक गोरं व्हायची क्रीम लावतात. आम्हाला असं करायचं आहे की ज्या आईने लावली, तिने मुलीला सॉरी म्हणायचं. आम्ही एक छोटी पार्टी ठेवणार. केक पाहिजे. नाहीतर आया येणार नाहीत.”

माझ्या हातातलं आलं तसंच राहिलं. आपांची सुरीही थांबली.

“आईने चांगल्या मनाने लावली असेल तर?” आपांनी विचारलं.

“तरी सॉरी म्हणायचं. मुलीला वाईट वाटलं ना.”

“आणि मुलगी... म्हणजे मोठी असली तर? लग्न झालेली? समज, सून असली तर?”

सानियाला काहीच माहीत नव्हतं. ती विचार करून म्हणाली, “चालेल. पण समोर जाऊन. व्हॉट्सॲप चालणार नाही.”

“लांब आहे गं.”

सानियाने आपांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोरगी हुशार आहे. आपांनी शंभर दिले, त्यातले तिने मोड करून चाळीस परत दिले.

“हा तुमचा खाऊ. पेट्रोलसाठी. केक लहान आणू.” आणि लसणाची परात आपांकडे सरकवली. “सोला.”

मी मधे काहीतरी बोलणार होते. दोघी एकदम म्हणाल्या, “मोठ्यांचं खलास!”

शुक्रवारी निघायचं ठरलं. मलाही यावं लागेल, आपा म्हणाल्या. सुटकेस दोघींनी भरली होती. गुरुवारी त्यांची पिशवी सहा वेळा भरली आणि सहा वेळा उपसली. कोकणातली बाई रिकाम्या हाताने जाणार नाही, पण न्यावं काय? साबण घेतला, काढला. “म्हणेल, घासायला सांगतेय.” पावडर घेतली, ती तर हात भाजल्यासारखी टाकली. सांदणासाठी तांदळाचं पीठ घेतलं होतं, तेही काढलं.

“पिठाने काय केलं?” मी विचारलं.

“गोरं आहे.”

शेवटी सोडे घेतले. सुक्या कोळंबीत कोणी काही वाईट काढू शकत नाही.

दुसरी अडचण भाषेची. आपांची अरबी मासळीबाजारातली. ताजं आहे का, कमी कर, यल्ला, खलास. तीस वर्षांत माफीचा शब्द कधी लागलाच नव्हता. सानियाने शिकवला, “अना गलताना”. म्हणजे, मी चुकले. घाट चढताना रस्त्याच्या कठड्यावर माकडं बसली होती. इस्माईलभाईंनी गाडी थांबवली तशी आपांनी काच खाली करून एका मोठ्या माकडिणीला ते म्हणून बघितलं. तिने हात पुढे केला. “बघ, हिने माफ केलं,” आपा म्हणाल्या. पण खमीस जवळ आलं तशी त्यांनी काच वर केली आणि सोड्यांची पिशवी मांडीवर घेतली.

रफिकने दार उघडलं. मागे अमल होती, हॉस्पिटलच्याच कपड्यांत, नुकतीच आलेली. आपा उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, “अना गलताना.” मग पुढचं मराठीत आलं, भराभर, आणि रफिकला ते अरबीत सांगता येईना. आईने माफी मागितलेली ऐकायची त्याला सवयच नव्हती. मी फक्त एवढंच म्हटलं, “मीही होते.” तेही त्याने सांगितलं.

अमल ऐकत होती. मग तिने आम्हाला आत बसवलं, आणि ती रफिककडे बघत सावकाश बोलली. रफिकने मान खाली घालून सांगितलं, “ती म्हणते, माफी ठीक आहे. पण सारा काल विचारत होती, मी बाबासारखी कधी होणार. गोरी. ती म्हणते, मी रोज उत्तर देते. आज तुम्ही द्या.”

सारा समोरच उभी होती. चार वर्षांची, आईच्या रंगाची, आणि डोळे बघितले तर हुबेहूब आपांचे.

मला वाटलं, आता आपा काय करणार? इथे सोलायला लसूणही नव्हता.

आपा जमिनीवर बसल्या, साराच्या उंचीला आल्या.

“हे बघ, मला तुझ्यासारखीच पाहिजे होती. पण अल्लाने आधी तुझा बाबा पाठवला. म्हटलं, असू दे, हाही चालेल. आणि तुझ्यासाठी थांबले.”

रफिकने सांगितलं. साराने बापाकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. मग तिने विचारलं, “खूप थांबलीस?”

“पाच वर्षं,” आपा म्हणाल्या. बोलत होत्या साराशी, पण बघत होत्या अमलकडे. “एवढं थांबायचं नव्हतं. माझ्यामुळेच थांबावं लागलं.”

हे रफिकने सांगितलं की नाही मला आठवत नाही. तो खिडकीकडे गेला होता.

अमल उठली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वळली आणि बोटांनी चिमूट करून विचारलं, चहात साखर किती? सून होऊन पाच वर्षं झाली, तिला ते माहीत असायला हवं होतं. आपांना डायबिटीस आहे. डॉक्टरने साखर साफ बंद केली आहे.

“तू घालशील तेवढी,” आपा म्हणाल्या.

तिने तीन चमचे घातले. इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.