सेवा काट्यावर घेण्याची पद्धत

वस्तू विकत घेणे आणि सेवा विकत घेणे यांत मूलभूत फरक आहे. वस्तू आली की दिसते. सेवा आली की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद असतात. सहकारात मतभेद मिटवण्यासाठी समिती असते, आणि समितीला मतभेद कमी पडू नयेत म्हणून कार्यपद्धती असते.

पलूसजवळच्या दुग्धकल्लोळ सहकारी दूध संघात अशी कार्यपद्धती तयार करण्याचा मान खरेदी अधिकारी भरतेश मगदूम यांना मिळाला. (सभेत बाकीच्यांनी त्या वेळी चहाकडे लक्ष दिले, यालाच मान मिळणे म्हणतात.)

झालं असं, की संघाची जुनी संगणक प्रणाली थकली होती. ती माधवनगरच्या एका हुशार पोराने बनवली, तेव्हा संघात सगळेच तरुण होते. कर्मचारी कधीतरी निवृत्तही होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. प्रणालीला माणसाच्या तीनच अवस्था ठाऊक: हजर, गैरहजर आणि बदली दिलेला, म्हणजे आपल्या जागी दुसरा माणूस उभा केलेला. (मृत्यूची सोय आहे का, हे तपासायला अजून कोणी पुढे आलेले नाही.) शिपाई केरबा निवृत्त होऊन गावी शेळ्या राखतात, पण प्रणाली त्यांना रोज गैरहजर धरते आणि दर महिन्याला कारणे दाखवा नोटीस पाठवते. केरबा सरळ माणूस. दर महिन्याला एसटीने येतात, चहा घेतात, 'वय झाले' असं लेखी कारण दाखवून जातात. खुलासा समाधानकारक नसल्याचा शेरा दर वेळी पडतो.

आता मे अखेरीस भरतेशअण्णांची पाळी होती, आणि त्यांचं दुखणं केरबांपेक्षा मोठं होतं. खरेदीची सही प्रणालीत त्यांच्या नावावर होती. ते नाव निघाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या सहीने पेंडीचं एक पोतंही आत येणार नव्हतं. म्हणजे निवृत्तीनंतरही त्यांनी रोज यायचं, फक्त निरोप समारंभ झालेला असायचा.

लग्न झालं तेव्हा अण्णांनी बायकोला, म्हणजे शालनला, श्रवणबेळगोळचा डोंगर दाखवायचं कबूल केलं होतं. मग मार्चअखेर आला, मग ऑडिट, मग दिवाळीला सभासदांना वाटायचा दूधफरक, आणि अशी माणसाची सगळी उमेद संघात खर्ची पडली. डोंगराच्या पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या; शालनचे गुडघे मात्र राहिले नाहीत.

"आवं, गुडघं हायती तवर न्या," एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली. "मागनं मला डोलीत घालून न्हेलं, तर देवाला काय सांगू? आमचं सायेब ऑफिसात हुतं म्हनून?"

अण्णांनी त्याच आठवड्यात कार्यपद्धती लिहायला घेतली.

कारण नवी प्रणाली संघाकडे अनुदानातून येऊन पडली होती आणि तिच्यात निवृत्तीचं बटण होतं. हिरवं. संगणक विभागाच्या नूरीन अत्तारने ते त्यांना दाखवलं, तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला होता. प्रश्न एवढाच, की जुन्यातलं सगळं उचलून नव्यात न्यायचं काम बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचं, म्हणजे सेवा खरेदी करायची. आणि संघाने आजवर सरकी पेंड, कॅन आणि झाडू यांपलीकडे काही खरेदी केलेलं नव्हतं.

सुदैवाने नियम तयार होते. मागे एकदा पेंडीत वाळू निघाली, तेव्हा ते अण्णांनी स्वतःच लिहिले होते आणि त्यात पळवाट अशी ठेवली नव्हती. जिल्ह्यात त्यांचा लौकिक होता. सातारा भागातून, अगदी वाईच्या शीतकरण केंद्रातून, माणसं ते उतरवून घ्यायला येत. नियमांचा गाभा असा, की जे काही विकत घेतलं ते फाटकावर वजन होऊनच आत येईल. त्याचा नमुना आधी समिती तपासेल. आणि तो नमुना सीलबंद होऊन, सगळा पुरवठा पूर्ण होईपर्यंत भांडारात राहील. त्याला कुणी हात लावायचा नाही. अध्यक्षांनीसुद्धा.

पहिली अडचण दरपत्रकांत आली. संघात तीन दरपत्रकं नेहमी एकाच दुकानातून, एकाच हस्ताक्षरात येत. त्यामुळे कामाला शिस्त असे. अण्णांनी यंदा तीन वेगळ्या कंपन्यांकडून मागवली. समिती हादरली. असं पूर्वी कधी घडलं नसल्याने संशय घेण्यास जागा आहे, अशी नोंद झाली. पण अण्णांकडे बघून ती मागे घेतली गेली, आणि पुण्याच्या एका कंपनीला बोलावणं गेलं.

कंपनीचा इंजिनिअर फाटकावर आला तेव्हा काट्यावर सिकंदर होता.

"साहेब काय घेऊन आलाय?"

"सेवा," इंजिनिअर म्हणाला.

"मग उतरवा की. वजन करायचंय."

सिकंदरने अण्णांना फोन लावला. "अण्णा, हितं एकजण मोकळ्या हातानं आलाय आन् माल हाय म्हनतोय. सोडू का?"

"नियमात बसत असेल तर सोड."

"नियम तुमीच केलाय की वं. काट्यावर घेतल्याबिगर काय सोडायचं न्हाई."

अण्णांना स्वतःच्या लेखणीचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी आपण त्यात अडकल्याचंही कळलं. पण ते मुरलेले गडी. ज्या गाडीचा माल वेगळा काढता येत नाही, ती भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतात. फरक तो माल. त्यांनी तोच न्याय लावला. इंजिनिअरला कॅनच्या काट्यावर उभं करून येताना तोललं, आणि परत जाताना तोललं. जेवढा हलका होऊन जाईल, तेवढी सेवा संघाला मिळाली, असं धरायचं होतं. तर्कात खोट नव्हती.

खोट पाहुणचारात निघाली. दुपारी संघाने रीतीप्रमाणे त्याला स्वतःच्या उत्पादनातलं श्रीखंड आग्रहाने वाढलं. जाताना तो पाऊण किलो जड भरला. म्हणजे सेवा आत येण्याऐवजी संघातली सेवा बाहेर गेल्याचं काट्यावर सिद्ध झालं. कंपनीला वसुलीचं पत्र गेलं. (पुढच्या वेळी त्याला उपाशी ठेवण्याची दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.)

मग नमुना. खरेदी समितीचे अध्यक्ष लालासाहेब हे पेंडीची गोळी स्वतः चावून बघणारे गृहस्थ. ते म्हणाले, "नमुना बगितल्याबिगर मी सई करनार न्हाई. एक मानूस न्हेऊन दाखवा म्हनावं हिकडनं तिकडं."

अण्णांच्या मनात लख्ख उजेड पडला. "माझंच नाव न्या," ते म्हणाले.

नेलं. उपाशी इंजिनिअरने एका दुपारी भरतेश मगदूम यांना जुन्या प्रणालीतून उचलून नव्या प्रणालीत ठेवलं. नाव, सही, हक्काच्या साचलेल्या रजा, सगळं बिनचूक. (पुरवठा पूर्ण होईपर्यंत जुन्यातली नोंदही तशीच राहणार होती.) लालासाहेबांनी पडद्याला नाक लावून नमुना पसंत केला. अण्णांनी घरी फोन करून शालनला बॅग काढायला सांगितली.

"आता बटण दाब," ते नूरीनला म्हणाले.

नूरीनने मान खाली घातली. "सर, तुम्ही नमुना आहात."

"म्हणजे?"

"सीलबंद. पुरवठा पूर्ण होईपर्यंत हात लावता येत नाही. तुमचाच नियम."

अण्णा खुर्चीत बसले. त्यांना रडू आलं, हे इथे स्पष्ट नोंदवलेलं बरं. जुन्या प्रणालीत निवृत्ती नव्हती, नव्यात सगळा संघ येईपर्यंत ते सीलबंद होते, आणि या दुसऱ्या कुलपाला तर त्यांनीच हौसेने तेल घालून ठेवलं होतं.

मार्ग शेवटी नूरीननेच काढला. जुन्या प्रणालीत 'बदली' होती. कार्यपद्धतीत त्यासाठी अट एकच: बदलीच्या माणसाने ही कार्यपद्धती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली असावी आणि हरकत घेतलेली नसावी. सगळा संघ धुंडाळला. लालासाहेबांनी सही केली होती, वाचलं नव्हतं. संचालकांपैकी दोघांनी मुखपृष्ठाचं कौतुक केलं होतं. केरबांना विचारलं, तर ते वय झालं म्हणाले.

मग संघाबाहेर चौकशी केली, तेव्हा असा एक माणूस सापडला. पहिल्या ओळीपासून आला, काटा पाहिला, श्रीखंड पाहिलं, नमुना पाहिला, आणि कुठेही हरकत घेतली नाही; उलट अधूनमधून हसला. त्याचं नाव काल जुन्या प्रणालीत चढलं. भरतेशअण्णा आणि शालन आज सकाळच्या गाडीने निघाले. तिने गुडघ्यांना पट्टे बांधलेत.

तेव्हा वाचकहो, सोमवारी हजर व्हा. येताना उपाशी या, सिकंदर काट्यावर उभाच असतो. आणि घरी कुणाला कुठे न्यायचं कबूल केलं असेल, तर रविवारीच नेऊन आणा.