भिंतीवरील सात ठोके

एका तक्रारअर्जाचा निकाल छत्तीस वर्षांनी कसा लागला आणि त्या निकालाने अर्जदार महिलेचीच बोलती कशी बंद झाली, याचा साद्यंत वृत्तान्त येथे सादर होत आहे. वाचकांनी मन घट्ट करावे.

पहाटे चारपासून लोकांचे अर्ज टंकित करून देणाऱ्या काकूंच्या घराची मागची भिंत व ध्वनिमुद्रण केंद्राची पुढची भिंत या दोन्ही मिळून एकच भिंत होती. छत्तीस वर्षांपूर्वी पलीकडे चौघा झिपऱ्या तरुणांनी एक पॉप-रॉक अल्बम मुद्रित केला. काकूंना दुपारी दोन ते चार पाठ टेकावी लागे. त्यांनी प्रथम झाडूच्या दांड्याने भिंतीवर सात ठोके हाणले. तदनंतर नियमानुसार ध्वनिप्रदूषण कार्यालयात तीन प्रतींत तक्रार केली; एक प्रत केंद्रालाही धाडली. अल्बम अजरामर झाला. तक्रार प्रलंबित राहिली.

यंदा ध्वनिमुद्रिका कंपनीने अल्बमची डिलक्स आवृत्ती योजिली. जुन्या टेपा स्वच्छ करताना तिसऱ्या गाण्यात ते सात ठोके लख्ख उमटले. कंपनीचा अधिकारी संमतिपत्र घेऊन काकूंच्या दारी उपस्थित झाला.

"काकू, तुमचे ठोके म्हणजे त्या गाण्याचा प्राण आहे हो!"

"तेव्हा प्राण माझा जात होता. आजही दुपारी तिकडे ड्रम बडवतात. ते बंद करणार का, तेवढं बोला."

"तुमची तक्रार आम्ही अल्बमसोबतच्या पुस्तिकेत जशीच्या तशी छापतोय. गुळगुळीत कागदावर!"

"छापू नका. वाचा."

आतून काका ओरडले, "अगं, कर की सही! निदान कुणाच्या डोळ्यांखालून तरी जाईल."

काकूंना ते पटले. त्यांनी सही केली.

पुस्तिका आली. आत तक्रारीसोबत वादकांच्या यादीत मुद्रित होते : 'भिंतवादन – शेजारच्या काकू'. छापील पुरावा हाती आला, या समाधानाने काकू ती घेऊन ध्वनिप्रदूषण कार्यालयात गेल्या. लिपिकाने चष्मा लावून पुस्तिका वाचली.

"भिंतवादक तुम्हीच का?"

"वादक कसली? तक्रारदार आहे मी!"

"संमतिपत्रावर सही तुमचीच ना? मग झालं. बँडच्या सदस्याला बँडविरुद्ध तक्रार करता येत नाही. घरातलं भांडण घरात मिटवा."

"अहो, मी त्या चौघांना ओळखतसुद्धा नाही!"

"वादकांचं आपसांत पटत नसतंच, बाई."

अर्ज निकाली निघाला. आठवड्याभरात काकूंना नोटीस आली : दुपारी दोन ते चार विनापरवाना भिंतवादन केल्यास वाद्य जप्त होईल. काकांनी झाडू माळ्यावर लपविला.

त्याच वेळेस खिडकीखाली चाहते जमू लागले. काकू डोके बाहेर काढून कडाडल्या, "निघा इथून! माणसानं झोपायचं कधी?" खालून एकमुखाने पुकारा झाला, "वन्स मोअर!"

अखेर काकूंनी नवी तक्रार टंकित करावयास घेतली. यंत्राची टकटक भिंतीपलीकडे ऐकून कंपनीचा अधिकारी धापा टाकीत वर आला.

"काकू, एक प्रत जास्त काढाल? सुपर डिलक्सला लागेल. आणि निकाल एवढ्यात लावून घेऊ नका हं, मजा जाते."

पहिल्या तक्रारीची पुस्तिका घरोघरी वाचली गेली. अनेकांचे डोळे पाणावले. वाचताना गाण्याचा आवाज मात्र एकानेही कमी केला नाही. आता ती तक्रार आपणही वाचलीत, मनापासून हसलात, त्याबद्दल आपले शतशः आभार. काकू अद्याप जाग्याच आहेत.

आपला नम्र,
'लेखणीदास'