मळीच्या रंगाचं पातळ

विजयमालेनं नवं पातळ नेसून विचारलं, "कसं दिसतंय?" आणि बॉयलरवरची रातपाळी करून आलेल्या सहादेवनं चपला काढता काढता खरं ते सांगून टाकलं, "मळीच्या टाकीवानी."

तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. न्याहारी वाढली, पण ताट आदळून. मिरजगावला माहेरी निघून जायची धमकीसुद्धा तिनं नवऱ्याला न देता भिंतीला दिली.

एकाहत्तरचा गळीत हंगाम चालू होता. साखर कारखान्याच्या कॉलनीत घर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, बारशाचा मांडवसुद्धा कारखान्याचा. मग भांडण तेवढं खाजगी कसं राहणार? शेजारच्या भीमाबाईनं गिरणीत दळणाला गेल्यावर विषय काढला आणि दुपारचा भोंगा व्हायच्या आत वेल्फेअर ऑफिसर शेवाळे साहेबांनी सहादेवला झोपेतून उठवून बोलावलं.

"घरात अबोला असला तर बॉयलरवर लक्ष राहील का तुझं?"

"साहेब, निस्तं पातळावरनं झालंय ओ."

"कसल्या पातळावरनं?"

"आपल्या भांडारातल्या."

इथंच घात झाला. कारखान्याच्या ग्राहक भांडारानं यंदा एकाच काळपट तपकिरी रंगाच्या पातळांचा गठ्ठा आणला होता आणि तो रंग पसंत केला होता खुद्द शेवाळे साहेबांनी.

"म्हणजे कारखान्याच्या मालाला नावं ठेवतोस?" साहेब कडाडले.

ही बातमी युनियनच्या बन्सीला लागली. पाळी बदलताना त्यानं गेटवर सभाच घेतली. सहादेवला स्टुलावर उभं करून तो गरजला, "कामगाराला घरच्या पातळाबद्दल बोलायचा हक्क हाय का न्हाई? ह्यो म्हनतो मळीचा रंग, तर मळीचाच!" टाळ्या पडल्या. पण कॉलनीतल्या निम्म्या बायका तेच पातळ नेसून कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांच्या नजरा बघून सहादेव स्टुलावरून उतरला.

आता बायकोची माफी मागितल्याशिवाय सुटका नव्हती. वाटभर शब्द जुळवत तो अंधारून येताना घरी पोचला. परसदारी तेच पातळ पाठमोरं उभं होतं. सहादेव जवळ गेला आणि एका दमात म्हणाला, "अगं, चुकलं माझं. तू काय बी नेस, बगतच ऱ्हावंसं वाटतं. सोड की राग, हास जरा."

पातळ वळलं. आत शेवाळे साहेबांच्या बाई होत्या. विजयमालेची समजूत घालायला आल्या होत्या.

सहादेव दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात चहाच्या कपबश्या घेऊन दारात आलेली विजयमाला अशी हसत सुटली की तिला कपबश्या खाली ठेवाव्या लागल्या.

"अवो, मलाच म्हनत हुता न्हवं?"

"तुलाच गं! दुसऱ्या कुनाला म्हनीन?"

बाई मात्र हसल्या नाहीत. चहा तसाच ठेवून कसल्याशा विचारात निघून गेल्या.

सकाळी रातपाळीवरून येऊन सहादेव टेकतो तोच दार वाजलं. बाहेर शेवाळे साहेब! नोकरी गेली, असंच सहादेवला वाटलं. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, चटकन आत येऊन दार लोटून घेतलं.

"सहादेवराव," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "घरी कालपासून चूल बंद आहे हो. ही म्हणते, तो बॉयलरवरचा माणूस बायकोशी कसं बोलतो, शिका जरा. तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?"

सहादेवनं साहेबांना बसायला घोंगडी अंथरली.

"सांगतो की साहेब. पन एक करा, आदी तोंड बगून घ्या, मंग बोला."