टाचोबाने महाराजांचं वजन विचारलं

एका जंगलात झाडांपेक्षा वारा जास्त होता.

हसू नका बाळांनो. असतात अशी जंगलं. समुद्राकाठी असतात. तिथली झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली असतात, जसं काही कुणी मागून हाक मारली म्हणून वळून बघतायत. हे जंगल जिथे संपायचं तिथे खाडी लागायची, आणि खाडीच्या काठाला एका भेंडीच्या झाडावर, भाजीच्या भेंडीच्या नव्हे, चांगल्या उंच रानभेंडीच्या झाडावर टाचोबा राहायचा.

टाचोबा म्हणजे शिंपी पक्षी. एवढासा. तुमच्या मुठीत मावेल, पण धरू नका. पानाला पान जोडायचं, चोचीने टाका घालायचा आणि घरटं शिवायचं, हा त्याच्या घराण्याचा धंदा. तो कुणाशी मोठ्याने बोलायचा नाही आणि कुणाशी खोटं बोलायचा नाही. पहिलं त्याला जमत नव्हतं, दुसरं सुचत नव्हतं.

एका वर्षी काय झालं, लांबून रोहित पक्षी आले. लांब पायांचे, गुलाबी. त्यांनी सांगितलं, "आमच्याकडे आता सगळे पतंगस्वारी करतात. पायाखाली फळी, हातात दोऱ्या, दोऱ्यांना पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग आपल्याला ओढतो, आपण पाण्यावरून सुसाट."

"कुठे जाता?" कासवाने विचारलं.

"कुठे नाही. परत येतो."

"मग जायचं कशाला?"

रोहित पक्ष्यांना याचं उत्तर आलं नाही. पण ज्याचं उत्तर येत नाही त्याचंच वेड लवकर लागतं. आठ दिवसांत जंगलातला जो तो फळी शोधायला लागला, आणि पतंग शिवून घ्यायला टाचोबाच्या झाडाखाली रांग लागली.

टाचोबाने सागाच्या पानांचे तीन पतंग शिवून फांदीला टांगले. मोठ्याचं नाव थोरला, त्याच्याखालचा मधला, लहान तो धाकटा. गिऱ्हाईक आलं की तो शेवरीचा चिमूटभर कापूस वाऱ्यावर सोडायचा. कापूस रमतगमत गेला तर वारा धाकटा. बाणासारखा गेला तर वारा थोरला.

मग सावकाश समजावायचा. "हे बघा, वारा धाकटा असेल तर पतंग थोरला घ्यायचा. वारा थोरला असेल तर पतंग धाकटा. दोघांतला एकच थोरला पाहिजे. दोघं थोरले झाले की घरात काय होतं, तुम्हाला माहीतच आहे."

गिऱ्हाईक मान हलवायचं. घरात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"आता सांगा, वजन किती? अंगाने भारी असाल तर एक घर वरचा पतंग द्यावा लागतो."

सगळे वजन सांगायचे. कासव तर पाठीसकट वेगळं आणि पाठीशिवाय वेगळं सांगायचं.

मग शेवटचा प्रश्न. "पाण्यात जाऊन करणार काय?"

माकड म्हणालं, "उड्या." त्याला लांबट पतंग दिला. तो वर छान नेतो, खाली यायचं ते आपलं आपण बघायचं. लाटूताई म्हणाली, "मला लाट धरायची." लाटूताई म्हणजे पाणमांजर. खाडीत तिच्याइतकं पाणी कुणाला कळत नव्हतं. तिला चटकन वळणारा पतंग दिला. कासव म्हणालं, "मी पडणार." त्याला गुबगुबीत पतंग दिला. तो पाण्यात पडला तरी रुसत नाही, आपला आपण उठतो.

दर दुपारी खाडीवर पतंगच पतंग. लाटूताई लाटेच्या पाठीवरून अशी घसरत यायची की काठावरचे बगळे मासे गिळायचे विसरायचे.

हे सगळं एक दिवस वाघमहाराजांच्या कानावर गेलं.

महाराजांची शिकार बरीच वर्षं घरपोच येत होती. त्यामुळे महाराज आधी गुहेत राहायचे, ते आता गुहेत भरलेले असायचे. पण प्रजा पाण्यावर उभी राहते आणि राजा जमिनीवर, हे त्यांना बरं वाटेना. ते स्वतः झाडाखाली आले. बरोबर प्रधानजी. प्रधानजी म्हणजे खवल्या मांजर. प्रश्न अंगावर आला की त्यांचा चेंडू व्हायचा. याच गुणावर ते तीन राजांच्या हाताखाली टिकले होते.

"शिंप्या, आम्हाला पतंग," महाराज म्हणाले.

टाचोबाने वाकून नमस्कार केला. कापूस सोडला. आणि रोजच्यासारखं विचारलं, "महाराज, आपलं वजन किती?"

प्रधानजींचा चेंडू झाला.

महाराज मात्र खूश झाले. "आमचं वजन? खाडीपलीकडच्या जंगलात नुसतं आमचं नाव काढ. तिथला बिबट्या जेवता जेवता उठून उभा राहतो. एवढं वजन!"

"ते बाहेरचं झालं महाराज. मला अंगाचं हवं."

"अंगाचं? म्हणजे आम्ही जड आहोत, असं म्हणतोस?"

"नाही महाराज."

"मग हलके आहोत?" महाराजांच्या मिशा ताठ झाल्या. "हलका राजा? आमच्या तोंडावर?"

जड म्हणावं तरी पंचाईत, हलका म्हणावं तरी पंचाईत.

चेंडूतून आवाज आला. "महाराज वजनदार आहेत."

"हां! वजनदार!"

"पण जड नाहीत."

"अजिबात नाही!"

टाचोबाने नम्रपणे विचारलं, "प्रधानजी, वजनदार पण जड नाही, हे मापात कसं बसवू?"

चेंडू आणखी घट्ट झाला.

टाचोबाने पतंग दाखवायला सुरुवात केली. "हा धाकटा, महाराज."

"धाकटा? आम्हाला?"

"मग हा थोरला बघा. मंद वाऱ्याचा आहे."

"मंद कोण?"

"वारा, महाराज."

"आम्ही उतरणार त्या दिवशी वारा मंद राहील? त्याची एवढी हिंमत? ते काही नाही. थोरल्यातला थोरला पतंग आणि थोरल्यातला थोरला वारा. ठरलं!"

बाळांनो, इथे टाचोबाने गप्प बसायला हवं होतं. पण त्याला वाटलं, गिऱ्हाईक बुडतंय, सांगायला पाहिजे. तो म्हणाला, "महाराज, तसं करू नका. माकडाने गेल्या महिन्यात तेच केलं. ते अजून समोरच्या बेटावर आहे. रोज संध्याकाळी हात करतं. आम्ही पण करतो."

"म्हणजे आम्ही उडून जाऊ? इतके हलके?"

"तसं नव्हे..."

"म्हणजे उडणार नाही? इतके जड?"

रांगेतलं एक रानडुक्कर फिस्सकन हसलं. तेवढं पुरलं. महाराज गरजले, "परवा दुपारी आम्ही खाडीत उतरणार. थोरला पतंग, थोरला वारा. आणि तू आमच्या पाठीवर बांधलेला असशील. आमचं जे होईल ते तुझं होईल."

दरबारात याला हमी म्हणतात. बाकीचे दुकानदार तोंडी देतात. टाचोबाला अंगावर द्यावी लागली.

घरट्यात शेवंती तीन अंड्यांवर बसली होती. शेवंती म्हणजे टाचोबाची बायको. तिने सगळं वरून ऐकलं होतं.

"अहो, वजन विचारायची काय गरज होती?"

"सगळ्यांना विचारतो."

"महाराजांना वजनच नाही, असं मानून शिवायचं."

"वजन नाही कसं म्हणू? म्हणजे त्यांना कुणी विचारत नाही, असा अर्थ होतो."

शेवंतीने कपाळाला पंख लावला. मग तिचा आवाज खाली आला. "दोन-चार दिवसांत ही फुटतील. तीन चोची. मी एकटी कुठवर पुरी पडू?"

टाचोबा फांदीवर जाऊन बसला. थोरला पतंग शिवला तर महाराज आभाळात, आणि तो त्यांच्या पाठीवर. धाकटा शिवला तर महाराज काठावर, आणि तो त्यांच्या पोटात. दोन्हीकडून हिशेब शेवंतीच्या तीन चोचींवर येत होता.

वारा भणाणत होता. भेंडीची पानं फडफड करत होती. एक पान मात्र शांत होतं. टाचोबाने वाकून बघितलं. त्या पानाला सुरवंटाने जागोजाग खाल्लं होतं. वारा येत होता, भोकांतून निघून जात होता, पान आपलं जागेवर.

टाचोबाने एका भोकात चोच घालून पाहिली. मग म्हणाला, "शेवंते, थोरला शिवायचा आणि भोकं पाडायची. दिसेल थोरला, ओढेल मधल्याएवढा."

"आणि महाराज म्हणाले, ही भोकं कसली, तर?"

"तेच सुचत नाहीये."

"भोकं कशाला म्हणायचं? लांबट कापा, आणि पट्टे म्हणा. त्यांचेच."

बाळांनो, शिंपी तो होता, पण कापायचं कुठे ते तिला कळत होतं.

दोन दिवस टाचोबा शिवत होता आणि फाडत होता. आपणच घातलेल्या शिवणीशेजारी चोच लावताना तो थांबायचा. मग तो अंड्यांकडे बघायचा आणि पुढचा पट्टा कापायचा.

ठरल्या दुपारी सगळं जंगल काठावर जमलं. कापूस सोडला तो दिसायच्या आत गेला. असा वारा. टाचोबाने पतंग उलगडला. चारशे पानांचा पतंग आणि त्यातून आरपार निळं आभाळ.

"ही भोकं?" महाराजांनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा टाचोबाला खोटं सुचलं होतं, तेही बायकोचं. "भोकं नव्हेत महाराज. पट्टे आहेत. आपले. मोजून घ्या."

महाराजांनी मान वळवून आपली कूस बघितली, मग पतंग बघितला, मग परत कूस. बराच वेळ पुटपुटत मोजलं.

"डावीकडे एक कमी आहे," महाराज म्हणाले.

टाचोबाने तिथल्या तिथे एक जास्तीचा कापला.

मग त्याला पाठीवर बांधला. महाराज फळीवर उभे राहिले तशी फळी पाण्याखाली गेली, मग विचार करून वर आली. पतंग आभाळात चढला. टाचोबाने डोळे मिटले आणि शेवंतीचं नाव घेतलं. दोऱ्या ताणल्या. वारा पट्ट्यांतून शिट्या मारत पलीकडे जात होता, आणि जेवढा उरत होता तेवढा महाराजांना ओढत होता. महाराज निघाले. डुंबणारी म्हैस जाते ना, त्या वेगाने निघाले. खारफुटीपर्यंत गेले. परत आले. अंगावर पाणीसुद्धा उडालं नाही.

काय म्हणायचं ते काठावर कुणाला कळेना.

प्रधानजींचा चेंडू उलगडला. "महाराज, आपण गेलात कधी आणि आलात कधी, दिसलंच नाही!"

ते खरंच होतं. ते गुंडाळलेले होते.

"शिंप्या, तू तर बरोबर होतास," महाराज धापा टाकत म्हणाले. "सांग सगळ्यांना."

"महाराज, माझे डोळे मिटले होते."

"वेगाने!" महाराज गरजले. "ऐकलंत? वेगाने डोळे मिटले!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! टाचोबाला सोडलं. तो तडक घरी उडाला. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. तीन चोची, तिन्ही उघड्या. टाचोबाने पहिला किडा भरवला आणि लगेच दुसरा आणायला उडाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण महाराजांचा हुकूम निघाला. यापुढे खाडीत ज्याचा त्याचा पतंग पट्ट्यांचाच हवा. ज्याची राजनिष्ठा जास्त, त्याला पट्टे जास्त. बिनपट्ट्यांचा पतंग दिसला तर त्याला राजद्रोह समजण्यात येईल.

झाडाखाली परत रांग. "मला सात पट्टे." "त्याला सात? मग मला नऊ." रानडुक्कर हसलं होतं, म्हणून त्याने घाबरून वीस घेतले. प्रधानजींच्या पतंगात तर पट्टेच पट्टे, पान औषधालाही नाही, नुसती काडी आणि दोरी. त्यांनी तो आभाळाकडे धरला आणि म्हणाले, "सगळ्यात चांगला हाच. कुठल्याही वाऱ्याला चालतो."

दर दुपारी खाडी भरायला लागली. जो तो फळीवर उभा. डोक्यावर पतंग. वारा इकडून यायचा आणि सगळ्यांच्या पट्ट्यांतून तिकडे निघून जायचा. कुणी जागचं हलायचं नाही.

"काय वेग आहे आज!" रानडुक्कर शेजारच्या हरणाला म्हणायचं.

"बोलू नका हो, तोल जाईल," हरीण म्हणायचं.

माकडाचं मात्र बरं चाललं होतं. बेटावर हुकूम पोचत नव्हता.

एक दिवस लाटूताई आली. काखेत तिचा तो चटकन वळणारा पतंग. अजून एकही पट्टा नसलेला.

"पाड बाबा," ती म्हणाली. "काल दोन शिपाई काठावर उभे होते."

टाचोबाने पतंग पुढ्यात ओढला. हा त्याने शिवलेला सगळ्यात चांगला पतंग. टाका टाक्याला लागून. तो नुसता उलटसुलट करत राहिला.

"ताई, मी बारीक पाडतो. एकच. कडेला."

"एकाने ते ऐकतात का? सहा तरी पाड." मग त्याचं तोंड बघून ती म्हणाली, "अरे, त्या दिवशी तू खाडीतून जिवंत आलास, मला आनंदच झाला. शपथेवर सांगते. लाटा काय, पोहून पण बघता येतात."

टाचोबाने सहा पट्टे कापले. लाटूताईने दोऱ्या धरल्या आणि ती खाडीत गेली. भरतीची मोठी लाट आली, तिच्या पायाखालून निघून गेली, आणि काठावर एकटीच फुटली. लाटूताई सगळ्यांच्यात उभी राहिली.

वर घरट्यात तीन पोरं कलकलाट करत होती. टाचोबा किडे शोधायला उडाला.

तात्पर्य : राजाला खरं सांगायचंच असेल, तर त्या खऱ्याला आधी राजाच्या मापाची भोकं पाडून घ्यावीत. सांगणारा वाचतो, ऐकणारा खूश होतो. जंगल तेवढं जागचं हलत नाही. पण जायचं कुठे होतं, हे तरी कुणाला माहीत होतं?