मातोश्री पलंगासहित रंगभूमीवर गेल्या ती हकीकत

श्रीगजाननास नमन, वाग्देवतेस नमन, आणि ज्या घरात बोलणे बंद पडते त्या घराच्या उंबरठ्यासही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी आमच्या राज्यात, ज्याचे नाव लिहू नये ऐशी ताकीद आहे, मातोश्री सगुणाबाईसाहेब यांचा अंमल होता. राज्य म्हणावे तर पुढे बाजारपेठ, मागे ओढा, मध्ये मातोश्रींचे घर आणि घरालगत नाट्यगृह, इतकेच. परंतु अंमल कडक. कोणाचे लोणचे नासले, कोणाची सून रुसली, याचा निवाडा मातोश्रींच्या ओसरीवर होत असे, आणि निवाडा देताना मातोश्री ऐशा हसत की ओढ्यापलीकडील लोकांनी समजावे, आज दरबार भरला. राजे कैलासवासी होऊन बहुत वर्षे लोटली होती. चिरंजीव रावसाहेब चाकरीनिमित्त पश्चिम समुद्रातील आयर्लंड नामे बेटावर राहात. थोरली कन्या कुमुदिनीबाई हिचे सासर त्याच पेठेत, सबब बाहेरचा कारभार तिचे हाती. धाकटी हेमलताबाई दूर देशी शाळेत शिकवीत असे. आणि रावसाहेबांचे कुटुंब रोहिणीबाई मातोश्रींपाशी राहून घर चालवीत असे.

ऐसे असता दसऱ्याचे सोने वाटून झाले आणि दुसरे दिवशी मातोश्री उठल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करोन निजल्या त्या निजल्याच. ताप नाही, खोकला नाही, कोणी उणे बोलले नाही. कारण विचारावे तर कारण नव्हते, आणि हाच मोठा पेच जाहला. कारण असते तर त्याचे पारिपत्य करता येते. रोहिणीबाईंनी मऊ भात कालवून दिला, दोन घास गेले, मग तेही जाईनात. आणि याच सुमारास कुमुदिनीबाईंच्या कन्येची सोयरीक शेजारच्या राज्यात जयवंताबाई म्हणोन मातबर बाई होत्या त्यांच्या पुत्राशी ठरत आली होती. कुमुदिनीबाईंनी मनी विचार केला की, आजीचे मन बिघडले ऐशी आवई उठली तर सोयरीक मोडते. मग ओसरीवर उभे राहून जमल्या बायकांस सांगितले की, "आईनं मौन धरलंय. देवदिवाळीपर्यंत कोणाशी बोलायची नाही."

हे वर्तमान पेठेत पसरले आणि लोकांची भाविकता किती म्हणोन सांगावी! पोस्टमास्तरांचे कुटुंब भागीरथीबाई यांनी पलंगाच्या पायाशी डोके टेकिले आणि घरी गेल्या, तो हरवलेली नथ डाळीच्या डब्यात सापडली. झाले. तेथोन पुढे नारळ येऊ लागले. पलंग माजघरातून ओसरीवर आणिला, लोक रांगेने येत, मातोश्रींच्या पाठीस नमस्कार करीत आणि जात, कारण तोंड भिंतीकडे होते. रोहिणीबाई नारळ फोडून फोडून थकल्या, आणि त्या घरी आमटी, भाजी, वडी, सर्व पदार्थ खोबऱ्याचे होऊ लागले.

दिवाळीच्या सुटीत हेमलताबाई आल्या. त्यांनी रांग पाहिली, आईचे अंगावर हात ठेवून पाहिला आणि बहिणीस आत नेऊन बोलत्या जाहल्या की, "ताई, हे मौन नव्हे. हा आजार आहे. मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे नेऊ."

कुमुदिनीबाई म्हणाल्या, "हळू बोल! मनाचा डॉक्टर म्हटलं की लोक वेड म्हणतात. माझ्या पोरीचं लग्न तुझ्या शाळेत होणार आहे का?"

"आणि आई अशीच वाळत गेली तर?"

"देवदिवाळी होऊ दे. मग व्रत सुटलं असं सांगू."

"आणि नाही सुटलं तर?"

तेव्हा रोहिणीबाई दारातून बोलिल्या की, "वन्सं, तुम्ही दोघी भांडून घ्या, मी तोवर चहा टाकते."

आता नाटकाचे प्रकरण. राज्यात महिला मंडळाची नाटकमंडळी होती आणि देवदिवाळीस दुपारी तिचा खेळ होण्याचा शिरस्ता होता. त्या साली रावसाहेबांनी बेटावरून एक विनोदी नाटक पाठविले होते आणि सोबत मजकूर कळविला की, "हे पाहताना सारखं आपलं घर आठवत होतं." हेमलताबाईंनी ते आपल्या भाषेत उतरविले. नाटक ऐसे: एक आई भिंतीकडे तोंड करोन निजली आहे, आणि तिला कोणी सांभाळावे म्हणोन तिघी मुली भांडतात, आणि प्रत्येक भांडणास एकेक वेळ चहा करितात. बेटावरची ही रीत आमच्या राज्याशी इतकी मिळे की पुष्कळांस नाटक परदेशचे आहे हे खरेच वाटेना. तिघी मुलींची कामे दोघी बहिणी आणि रोहिणीबाई यांजकडे, आणि आईचे काम भागीरथीबाईंकडे होते. परंतु प्रयोग तोंडावर आला आणि भागीरथीबाई रुसल्या. म्हणाल्या, "सगळं नाटक भिंतीकडे तोंड करून निजू? मग माझी नथ सापडली ती कोणी बघायची?" आणि घरी निघोन गेल्या.

त्याच दिवशी जयवंताबाईंचा निरोप आला की, आम्ही खेळास येतो, आणि मुलीच्या आजीसही भेटतो. कुमुदिनीबाईंनी मनी हिशेब मांडिला. मातोश्रींस मानाच्या खुर्चीवर बसवावे तर त्या बसणार नाहीत. घरी ठेवावे तर पाहुणे घरी येतील. मग त्यांस एक युक्ती सुचली, आणि ऐशी युक्ती आमच्या राज्यात पूर्वी कोणास सुचली नव्हती. त्या बोलिल्या की, "आईला पलंगासकट रंगमंचावर नेऊ. लोक म्हणतील काम करतेय. बोलायचं नाही, उठायचं नाही, कामच तसं आहे."

हेमलताबाई म्हणाल्या, "आजारी आईला नाटकात? ताई, तुला लाज कशी वाटत नाही?"

"लाज वाटते म्हणूनच तर!"

मग पुष्कळ वादावादी होऊन हेमलताबाईंनी एक अट घातली की, पडदा पडला की दुसरे दिवशी डॉक्टर. कुमुदिनीबाईंनी होय म्हटले, परंतु डोळे खाली घालून म्हटले, आणि ते हेमलताबाईंनी पाहिले. त्यांनीच मातोश्रींच्या कानाशी जाऊन विचारिले, तो मातोश्रींनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मग चौघांनी पलंग उचलिला.

देवदिवाळीस नाट्यगृह भरोन वाहिले. जयवंताबाई पहिल्या रांगेत बसल्या, त्यांच्या मागे भागीरथीबाई नथ घालोन बसल्या. तिसरी घंटा जाहली आणि पडदा वर गेला. पहिला अंक यथास्थित पार पडला. लोक मनमुराद हसले आणि मातोश्रींच्या निजण्याची फार वाखाणणी जाहली की, इतके स्वाभाविक काम या रंगभूमीवर कोणी केले नाही. मग दुसरा अंक लागला. रोहिणीबाईंनी स्टोव्हवर खरा चहा ठेविला, आणि कुमुदिनीबाईंनी पाठातले वाक्य म्हटले की, "आईला काही झालेलं नाही, ती रुसली आहे."

यावर हेमलताबाईंनी "मग तिची समजूत काढ" ऐसे म्हणावयाचे होते. त्या म्हणाल्या, "रुसलेली माणसं जेवतात, ताई. आई जेवत नाही."

पडद्याआडून वाक्ये सांगणारे गृहस्थ पाने उलटू लागले. कुमुदिनीबाई घाबरोन मोठ्यानेच म्हणाल्या, "हे वाक्य नाटकात नाही!" आणि सभागृह खदखदा हसले.

"घरात तरी कुठं होतं? तिथं नुसते नारळ होते."

मग कुमुदिनीबाईंस संताप आला आणि त्या नाटक विसरल्या. "तू चार दिवस येतेस, आईचे केस विंचरतेस, शहाणपण शिकवतेस आणि जातेस! मी रोज दारात उभी राहून लोकांशी खोटं बोलते. सोपं वाटतं तुला?" लोकांनी टाळ्या दिल्या. भागीरथीबाई शेजारणीस म्हणाल्या, "बाई बाई, काय पाठांतर आहे!"

तेव्हा रोहिणीबाईंनी चहाचे भांडे उतरविले आणि शांतपणे बोलिल्या की, "दोघींपैकी एकीनं तरी कधी आईंच्या उशीचा अभ्रा बदललाय का? मी रोज बदलते. रोज ओला असतो."

हशा थांबला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "ओला?"

"ओला. रडतात त्या. आवाज करत नाहीत एवढंच."

मग पलंग करकरला आणि मातोश्री भिंतीकडून वळल्या. वळून, एका हातावर भार देऊन, उठोन बसल्या. केस मोकळे, चेहरा उतरलेला. त्यांचा आवाज राज्याने दसऱ्यापासून ऐकिला नव्हता, सबब प्रथम कोणास ओळखू आला नाही. म्हणाल्या, "कुमुदे, मौन नव्हतं गं ते. शब्दच उचलत नाहीत. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं होतं. आणि लोक पाया पडायला लागले की वाटतं, आता तर काही सांगायचीही सोय राहिली नाही. हेमा म्हणते त्या डॉक्टरकडं ने मला."

कुमुदिनीबाई जागीच बसल्या आणि पदर तोंडास लावून रडू लागल्या. कोणी हालेना, पडदा ओढणारासही भान राहिले नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून जयवंताबाईंचा आवाज आला की, "अहो, तो चहा गार होतोय. आधी त्यांना द्या, मग पुढचं बोला." मग रोहिणीबाईंनी कपबशी दिली, आणि मातोश्री बशीत ओतून, फुंकर घालून, सर्व राज्यासमक्ष चहा प्याल्या. पिऊन समोर पाहिले आणि विचारिले, "आता का गप्प? मघाशी तर हसत होता." त्यावर प्रथम एक दोन हसले, मग सर्व हसले, आणि पुष्कळांनी डोळेही पुसले.

खेळ संपल्यावर कुमुदिनीबाईंनी जयवंताबाईंस हात जोडिले. जयवंताबाई म्हणाल्या, "आजाराचं काही नाही. पण माझ्यापासून लपवलंत त्याचा राग आला आहे. विचार करून कळवते." ऐसे बोलोन त्या गेल्या.

दुसरे दिवशी सकाळी घरातून निघावयाचे होते. ओढ्याकाठची मागील वाट जवळची, आणि तिकडे कोणी भेटत नाही. हेमलताबाई तिकडेच वळल्या होत्या. कुमुदिनीबाईंनी मातोश्रींच्या चपला पुसून पायांपुढे ठेविल्या, खाली बसोन स्वहस्ते घातल्या, आणि हात धरोन पुढील दार उघडिले. बाजारपेठ नुकती लागत होती. भागीरथीबाई दारात सडा घालीत होत्या, त्यांनी तांब्या ठेवून विचारिले, "सुटलं का व्रत?"

कुमुदिनीबाई भर पेठेत ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलिल्या, "व्रत नव्हतंच, भागीरथीबाई. आई आजारी आहे. मनाच्या डॉक्टरकडं चाललोय." भागीरथीबाईंनी तांब्या पुन्हा उचलिला. मग म्हणाल्या, "बरं. सावकाश जा, पुढं वाळू पडलीय."

एवंच, सारांश इतका की मातोश्रींस औषध लागू पडत आहे, परंतु कथेतल्यासारखे एका रात्रीत नव्हे. काही दिवस ओसरीवर दरबार भरतो, काही दिवस तोंड भिंतीकडे असते, आणि तेव्हा कोणी नमस्कार करीत नाही, पायाशी बसोन राहतात. त्यांत कुमुदिनीबाईंची पाळी असते. सोयरिकीस हा मजकूर लिहीपर्यंत होकार नाही आणि नकारही नाही. नाटकाचा दुसरा प्रयोग व्हावा म्हणोन लोकांनी आग्रह केला, तेव्हा मातोश्रींनी निवाडा दिला की, "ते काम भागीरथीला द्या. पण उठून बसायचं तेव्हा नथ प्रेक्षकांकडं येईल असा पलंग ठेवा." आणि हसल्या. ते हसणे ओढ्यापलीकडे गेले किंवा कसे हे लेखकास ठाऊक नाही; ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत आले, इतके स्वकर्णी ऐकिले, तेच येथे लिहिले.