तपासून योग्य आढळले

मी दारू पीत नाही. हे वाक्य मी त्या मंगळवारी सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान निदान पंधरा वेळा उच्चारलं आणि दर वेळी ते मलाच जास्त खोटं वाटू लागलं. (खरं बोलणाऱ्याचा चेहरा कसा करायचा, हे मला कुणी शिकवलेलंच नाही.)

झालं असं की, सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. बायको म्हणाली, "टॅक्सी बोलवू या." मी म्हणालो, "घरची गाडी असताना? मी काय मेलोय?" अर्धी रजा टाकली आणि निघालो. एवढाच काय तो माझा अपराध.

पुलाखाली हवालदारानं गाडी अडवली. भर सकाळी! कसलीशी मोहीम चालली होती म्हणे. त्यानं माझ्या तोंडासमोर यंत्र धरलं आणि म्हणाला, "फुंका."

मी फुंकलं. यंत्र किंचाळलं, लाल दिवा लागला आणि आकडा आला चौऱ्याऐंशी.

"तीसच्या वर गुन्हा," हवालदार हळहळला. "काय साहेब, सकाळी सकाळी?"

"अहो, मी चहा प्यालोय!"

"इथे येणारे सगळे चहाच पिऊन येतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुणी ऐरागैरा नव्हे. काटे, मीटर आणि यंत्रं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी खात्यात मी बावीस वर्षं तपासनीस आहे. म्हणालो, "मला यंत्रं शिकवू नका. तुम्ही स्वतः फुंकून दाखवा!"

"ड्यूटीवर आम्हाला फुंकायला मनाई आहे."

"मग मागचं लेबल वाचा. कुठल्या गाढवानं हे पास केलं, ते तरी कळू दे!"

त्यानं यंत्र उलटं केलं. "'तपासून योग्य आढळले.' तारीख गेल्या महिन्याची. खाली सही आहे, पण ती काही लागत नाही."

शेजारी बसलेल्या बायकोनं मान पुढे काढली. "अहो, ही तर तुमची..."

मी तिचा पाय दाबला. जोरात.

मला सगळं आठवलं. शुक्रवार, पावणेपाचची वेळ, टेबलावर चाळीस खोकी. नियमाप्रमाणे एकेका यंत्राला वीस मिनिटं द्यायची. मी एक तपासलं, ते ठणठणीत निघालं. शितावरून भाताची परीक्षा करून उरलेल्या एकोणचाळीसांवर सह्या ठोकल्या आणि पाच दहाची बस गाठली. (ती बस त्या दिवशी अर्धा तास उशिरा आली, याचाही मला संताप आहे.)

आता इकडे आड, तिकडे विहीर. यंत्र खरं, तर लायसन्स जाणार. यंत्र खोटं, तर नोकरी, आणि तीही पेन्शनला चार वर्षं उरलेली असताना.

"हवालदारसाहेब, यंत्र बरोबर आहे. मी... थोडी घेतली असेल."

"आता कसं!" हवालदार खूश झाला. "गाडी वहिनी नेतील. वहिनी, तुम्हीही फुंका."

बायकोनं फुंकलं. चौऱ्याऐंशी.

"अहो!" ती माझ्यावर ओरडली. "आता तरी सांगा ना!"

मी गाडीचा आरसा नीट करू लागलो. नोकरी, नोकरी, नोकरी. तेवढ्यात मागचं दार उघडून सासरे उतरले. निवृत्त मुख्याध्यापक, वय वर्षं शहात्तर. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून, आत दारूचा थेंब नाही अशी खात्री झाल्यावर घेणारा माणूस. "माझ्या मुलीवर असा आरोप?" म्हणत त्यांनी यंत्र हातात घेतलं आणि छाती भरून फुंकलं.

चौऱ्याऐंशी.

"तिघांचा आकडा एकच," मी पुटपुटलो. "हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?"

"त्यात काय विचित्र? एकाच बाटलीतली, तिघांत सारखी वाटून घेतलेली."

सासरे फुटपाथच्या कडेला बसले. त्यांनी चष्मा काढला. "शहात्तर वर्षं," एवढंच म्हणाले आणि काच पुसत राहिले. मला माझीच लाज वाटली. असली पेन्शन घेऊन त्यांच्या समोर जेवायला कुठल्या तोंडानं बसणार होतो?

"हवालदार, लिहून घ्या!" मी गरजलो. "यंत्र बिघडलेलं आहे. मी सरकारी तपासनीस आहे आणि ही सही माझी आहे. मी ते न तपासता पास केलं!"

हवालदार पोट धरून हसला. "घ्या! मघाशी चहा, आता सरकारी अधिकारी. परवा इथेच एक जण स्वतःला न्यायाधीश म्हणवत होता."

"मी सही करून दाखवतो!"

त्याच्याच वहीवर केली. संतापानं हात इतका थरथरत होता की ती मलाही ओळखता आली नाही. "बघा, पेनसुद्धा धरवत नाही," हवालदार कळवळून म्हणाला. बावीस वर्षांत प्रथमच मी छातीवर हात ठेवून खरं बोललो होतो आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता!

शेवटी पलीकडच्या चौकातून त्याचा साहेब दुसरं यंत्र घेऊन आला. शून्य, शून्य, शून्य. साहेबानं सासऱ्यांची हात जोडून माफी मागितली. "बिघडतात मशीनं कधी कधी," म्हणत पहिलं यंत्र खोक्यात टाकलं. कुणी पास केलं होतं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. माझी नोकरी वाचली.

बायकोनं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत तिनंच गाडी नेली. मग उतरता उतरता सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, तुम्ही खरोखरच प्यालेले असतात, तर फार बरं झालं असतं."

"असं का म्हणता, बाबा?"

"प्यालेल्याची निदान संध्याकाळपर्यंत उतरते."