दोन इंच वाढलेली भाची

माझ्या तोडीचा गुप्तहेर या शहरात दुसरा नाही. दिवसा मी किल्ल्या बनवतो आणि उरलेल्या वेळात गुन्हे उलगडतो. आजवर एकोणीस प्रकरणं हाताळली. त्यातली सतरा माझ्याशिवाय लवकर सुटली असती, असं जळणारे म्हणतात. उरलेली दोन गंमत म्हणून मीच घडवली होती, त्यामुळे ती सोडवायला अजिबात वेळ लागला नाही.

विसावं प्रकरण ताईच्या फोनने सुरू झालं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्या अकलेवर विश्वास नसणाऱ्यांची ती अध्यक्ष आहे.

"अरे, पोरीचं बघ जरा. आठवड्यात तीनदा पडली, तेही एकाच वळणावर. रविवारी शर्यत आहे आणि ही म्हणतेय, नाव काढून घेते."

पोरगी म्हणजे माझी भाची, वय बावीस. ती डोंगरावरून सायकलने खाली येते. याला डाउनहिल म्हणतात. माणूस असाच डोंगरावरून पडला तर तो अपघात, आणि हेल्मेट घालून, हँडलला नंबर लावून पडला तर तो खेळ.

ताईकडे पोचलो. हॉलमधून आतल्या खोलीत शिरताना नव्या फरशीच्या कडेला अंगठा आपटला. वर्षभर दर वेळी आपटतो. मोठ्या गुप्तहेराची नजर दूरवर असते, पायाखाली नसते.

स्वयंपाकघरातून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "मामा, शोध लावताच आहात तर माझ्या ओट्याचाही लावा. वर्ष झालं, बुटका झालाय. भांडी घासताना कंबर मोडते."

"आजी, ओटे बुटके होत नाहीत. वय होतं."

असले फालतू साक्षीदार मी दारातच परत पाठवतो.

सायकल बघताक्षणी मी गुन्हा ओळखला. सीट जवळजवळ मागच्या चाकावर टेकली होती. "सीटची दांडी कापून नेलीय कुणीतरी," मी म्हणालो.

"मामा, डाउनहिलला सीट खालीच असते. उतारावर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं."

"मग सीट ठेवलीय कशाला?"

"तुझ्यासारख्यांनी प्रश्न विचारावेत म्हणून." भाची माझ्यावर गेलीय. मग तिचा आवाज उतरला. "हँडल लांब वाटतं रे. हात पार ताणले जातात. वळणावर पुढच्या चाकावर वजनच येत नाही, आणि ते सुटतं."

"फ्रेम लहान-मोठी झाली असेल."

"लार्ज आहे, माझ्याच मापाची. मोजून घेतलीय."

तिने उंची मोजली होती आतल्या खोलीच्या चौकटीवर. ती लहान असताना तिच्या वडिलांनी तिथे शाईने फूट-इंच आखून ठेवलेत. अठराव्या वर्षीची रेघ पाच फूट चारवर, गेल्या महिन्यातली पाच फूट सहावर. बाविसाव्या वर्षी पोरगी दोन इंच वाढली आणि घरात कुणालाच नवल वाटलं नाही. ताईने श्रेय स्वतःच्या स्वयंपाकाला दिलं, मी आमच्या घराण्याला.

संशय आता सायकलवाल्यावर. मीडियमवर लार्जचं स्टिकर चिकटवणं किती सोपं असतं, हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक आहे ते विचारू नका. मी वेषांतर करून त्याच्या दुकानात गेलो.

"बोला मामा," तो म्हणाला. "मिशीवर मिशी का लावलीय?"

मी दुर्लक्ष केलं आणि फ्रेम मोजायला लावली. त्याने टेप धरली. लार्जच निघाली.

"पाच-पाचच्या वर लार्ज, खाली मीडियम," तो म्हणाला. "तुमच्या भाचीने फोनवर स्वतःची उंची पाच-सहा सांगितली. डाउनहिलला हँडलपर्यंतचं अंतर बघायचं असतं. ते चुकलं तर सीट कितीही हलवा, काही होत नाही."

"मीडियम द्या मग."

"एकच आहे, शनिवारपर्यंत ठेवतो. पण पाच-सहा उंचीला ती आखूड पडेल, पोरगी थेट तोंडावर जाईल. नुसतं वाटतंय म्हणून बदलू नका."

हा माणूस प्रामाणिक होता. अशा लोकांमुळे तपास अडतो.

मग मी डोंगरावर गेलो. वळणावर कुणा प्रतिस्पर्ध्याने तेल ओतलं असणार. वाकून माती हुंगली, आणि पुढचे बारा फूट पाठीवरून तपासले. तेल नव्हतं. रक्त मात्र थोडं होतं, माझंच, ताजं.

शुक्रवारी मी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं.

"फ्रेम बरोबर, रस्ता बरोबर," मी म्हणालो. "राहिलं कोण? तू. तू घाबरतेस."

मला वाटलं, आता उशी येईल अंगावर. भाचीने बॅगेतून नंबर काढला आणि टेबलावर ठेवला. "मलाही तेच वाटतंय, मामा. उद्या परत देऊन येते. सायकलही विकून टाकू."

एकोणीस प्रकरणांत माझा निष्कर्ष कुणी मानला नव्हता. पहिल्यांदाच मानला गेला, आणि मला तो परत घ्यावासा वाटत होता.

तेवढ्यात आजी ओले हात पुसत बाहेर आल्या.

"घाबरते कसली? एकाच वर्षात माझा ओटा दोन इंच बुटका झाला आणि ही दोन इंच उंच झाली. कुणाला काही वाटत नाही का? ये गं, इथे हॉलमध्ये जुन्या फरशीवर उभी राहा. टेप आणा."

टेप आणली. पाच फूट चार.

नवी फरशी स्वयंपाकघरात आणि आतल्या खोलीत जुनीच्या वर बसवली होती. जमीन दोन इंच वर आली, चौकटीवरचे आकडे होते तिथेच राहिले. पोरगी त्या फरशीवर उभी राहिली आणि फुकटात लार्ज झाली.

"म्हणजे मी घाबरत नाहीये," भाची हळूच म्हणाली.

ताईला मात्र वेगळंच आठवलं. "जुनी फोडू नका, वरूनच लावा, एका दिवसात काम होईल, असा शहाणपणा कोणी शिकवला होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अंगठ्याकडे बघत होतो. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं.

शनिवारी फ्रेम बदलून आणली. सायकलवाला म्हणाला, "एकच मिशी होती, म्हणून ओळखलं नाही." रविवारी सायकल डोंगरमाथ्यापर्यंत मी ढकलली, शिक्षेचा पहिला हप्ता. वर पोचलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं, हे पाहून ताईचं समाधान झालं. भाची सुटली. त्या वळणावर तिचे कोपर वाकले, पुढचं चाक मातीला चिकटून राहिलं, आणि ती दिसेनाशी झाली. नववी आली. तिला विचारलं तर पहिली आल्यासारखं सांगते.

शिक्षेचा दुसरा हप्ता आजींनी सुनावला: ओटा उंच होईपर्यंत त्यांच्याकडची भांडी मी घासायची. गवंडी पुढच्या महिन्यात येतोय. विसाव्या प्रकरणाच्या नोंदीत मी एवढंच लिहिलंय की साक्षीदार खरं बोलत होती. ओटा बुटकाच आहे.